विमानाचा कौल

विमलेचं लग्न जयरामाशी झालं हे खरं, पण संसार आपण एका पाकळीशी केला असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही. घरात काही ठरवायची वेळ आली की जयराम चपला पायात सरकवून सातेरीच्या देवळाकडे निघालाच म्हणून समजावं. विहीर कुठे खणायची, विचार देवीला. बसला निळा रंग द्यायचा की पिवळा, विचार देवीला. एकदा फ्रिज घ्यायचा होता. देवीने डावा कौल दिला, म्हणून दोन उन्हाळे या घरची मासळी शेजारणीच्या फ्रिजमध्ये राहिली, आणि शेजारीण ते अजून बोलून दाखवते.

कौलाची रीत तशी साधी. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवतो, देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विमलेचा देवीवर राग नव्हता. ती स्वतः दर शुक्रवारी ओटी घेऊन जायची. तिचा राग होता तो हातापायाने धड असलेला माणूस स्वतःच्या डोक्याला इतकी सुट्टी कशी देतो, यावर. कारण हाच जयराम पेडणे ते म्हापसा रस्त्यावर स्वतःची बस चालवायचा. समोरून खडीचा टिप्पर येत असताना पुढच्या रिक्षाला ओव्हरटेक करायचं की नाही, हे तो पापणी लवायच्या आत ठरवायचा आणि बरोबर ठरवायचा. तिथे त्याने कधी बस बाजूला घेऊन काचेला पाकळी चिकटवली नव्हती.

बरं, एकटा नवराच असा असता तर विमलेने निभावून नेलं असतं. इतकी वर्षं नेलंच होतं. पण खाण तशी माती. क्षमा, त्यांची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, तीही बापाच्या वळणावर गेली होती. ती देवळात जायची नाही, एवढाच फरक. ती आईकडे यायची.

गोष्ट सुरू झाली ती मोपेच्या पठारावर विमानतळ झाला तेव्हापासून. जयरामची पठारावरची काजूची बाग त्यात गेली आणि तिची भरपाई आली, त्यामुळे ‘पैसे नाहीत’ ही सोयीची सबबसुद्धा या घरात उरली नव्हती. घरावरून विमानं जायला लागली. जयराम वर बघून नमस्कार करायचा. क्षमा मात्र गच्चीत मोबाइल घेऊन बसायची आणि हे विमान कुठून आलं, ते कुठे चाललं, आज वारा कुठल्या दिशेचा म्हणून ते उलट्या बाजूने उतरतंय, हे सगळं आईला सांगायची. विमला वाळत घातलेल्या मिरच्या उलटत ‘हूं’ म्हणायची. मग एक दिवस कळलं की पोरीने वैमानिकाच्या प्रशिक्षणाची प्रवेश परीक्षा दिलीय. मग मुलाखत झाली. मग डॉक्टरांनी डोळे, कान, काळीज सगळं ठोकून-वाजवून तपासलं आणि पोरगी ठणठणीत निघाली. विदर्भातल्या एका विमान शिकवणाऱ्या संस्थेत तिला जागा मिळाली. शुक्रवारपर्यंत फोन करून येते की नाही ते कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा पुढच्या उमेदवाराला.

जागा मिळाली आणि पोरीचं घोडं अडलं.

सकाळी चहाला ती पायलट असायची. जेवणापर्यंत बी.एड. करून पेडण्याच्या शाळेत गणित शिकवणारी बाई झालेली असायची. संध्याकाळी पुन्हा विमानात. विमला अंगणवाडीत सेविका होती. दिवसभर तीस पोरांची नाकं पुसून घरी यावं, चूल पेटवावी, आणि तिथे ही लांबडी पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी.

“आई, परवाना मिळून पण लोक घरी बसलेत म्हणे. नोकरीच मिळत नाही.”

विमला खोबरं किसत म्हणाली की मग नको जाऊस.

झालं. क्षमाचे डोळे भरून आले. म्हणे, तुला तर मी जायला नकोच आहे, तू कधी मनापासून म्हणालीस का की जा म्हणून? तेव्हा विमलेने किसणी बाजूला ठेवली आणि सांगितलं की बरं बाई, जा. तर पोरगी अधिकच हिरमुसली. म्हणे, मी घरातून गेलेली तुला चालेल, तुला काय, तुझी अंगणवाडी आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. विमलेने उरलेलं खोबरं इतक्या जोराने किसलं की बोटाची सालटं निघाली, आणि त्याचाही दोष तिने मनातल्या मनात पोरीलाच दिला.

खरं सांगायचं तर विमलेला वाटत होतं की पोरीने जावं. फार वाटत होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. पण ते ती बोलून दाखवत नव्हती, कारण तिला ही पोर ठाऊक होती. आईने ‘जा’ म्हटलं म्हणून गेली, तर तिथे पहिल्या दिवशी भाजी खारट झाली तरी ती आईचीच चूक. आणि असं दुसऱ्याच्या मर्जीवर विमान चालवत नाहीत, एवढं विमान न चालवताही विमलेला कळत होतं. पोरीने एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने सांगावं की ‘माका जाय’, मला हे पाहिजे, किंवा ‘माका जाय ना’, मला हे नको. मग विमला तिच्या बाजूने अख्ख्या गावाशी भांडली असती.

पण गावाशी भांडण्याआधी घरातलंच एक गाव समोर होतं. जयरामचा थोरला भाऊ बाबुराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाला होता, आणि निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक कामावर शेरा मारणं हीच त्याची नोकरी होती. तो रोज संध्याकाळी येऊन ओसरीवरच्या कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसायचा, चहा संपेपर्यंत एक मत द्यायचा आणि चहा संपला की त्याच्या उलटं. मुलगी पायलट म्हणजे घराण्याचं नाव होईल, हे पहिल्या कपाला. मुलगी पायलट म्हणजे हिच्या लग्नाचं काय, नवरा खाली आणि बायको वर, पोरं कोण बघणार, हे दुसऱ्या कपाला. विमलेने एकदा दुसरा कप दिलाच नाही, तर तो स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी कप घेऊन आला.

आणि जयराम? जयरामने पोरीला एकदाही विचारलं नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रविवारी आंघोळ करून, केस चापून-चोपून बसवून, देवळात जाऊन आला आणि येऊन जेवायला बसला.

“डावो दिलो देवीन,” तो म्हणाला.

एवढंच. विषय संपला. त्याने भाताचा दुसरा वाढा घेतला, तिसरा घेतला, माशांच्या हुमणाची वाटी बोटाने पुसून खाल्ली. गेल्या पंधरवड्यात या माणसाने असं जेवण केलं नव्हतं. विमला वाढता वाढता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याची खूण होती. पण विमलेला त्या वेळी कीव वगैरे आली नाही. चीड आली. मनातलं बोलायला तोंड दिलंय देवाने, ते काय नुसतं हुमण खायला?

क्षमाने ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. तिने खोलीचं दार असं आपटलं की खिडकीची काच हादरली. आतून आवाज येत होता. देवीला काय कळतं विमानातलं, देवीने फिजिक्स घेतलं होतं का, मी सहा महिने अभ्यास केला तो पाकळीसाठी का, मी जाणार म्हणजे जाणार. जयराम कानकोंडा होऊन हात धुवायला गेला. विमलेच्या मनात आलं की चला, डाव्या कौलाने का होईना, पोर बोलती झाली. पाच मिनिटं तिला खरंच तसं वाटलं.

मग बाबुराव आला. त्याने प्रकरण ऐकून घेतलं आणि कचेरीतली जुनी सवय बाहेर काढली. अर्ज नामंजूर झाला म्हणजे अर्ज लिहिताना चूक झाली, हा त्याचा सिद्धांत. जयरामने देवीला नेमकं काय विचारलं, ते त्याने शब्दन्‌शब्द वदवून घेतलं. जयरामने विचारलं होतं की पोरीला विमान चालवायला पाठवू का. तिथेच तर गोम आहे, बाबुराव म्हणाला. पाठवणारा तू कोण? शिकायला जाते ती. प्रश्न असा हवा की पोरीचं या शिक्षणात भलं आहे का. शिवाय तू एकटा गेलास, घरातलं वडीलधारं माणूस बरोबर नव्हतं. वडीलधारं माणूस म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी दोघे भाऊ गेले आणि उजवा कौल घेऊन आले.

आता विमलेने पोरीकडे बघितलं. पोरगी हसेल, नाचेल, बॅग भरायला घेईल. छे. क्षमाचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला होता. ती हळूच म्हणाली की देवीनेच हो म्हटलं म्हणजे आता जावंच लागणार का? तिकडे उन्हाळा फार असतो म्हणे. आणि एकटीने विमान वर न्यायचं असतं, शिकवणारा खाली उभा राहतो, पहिल्यांदा. जयराम त्या रात्री अर्धा भात टाकून उठला. बाबुरावने मात्र पेढे आणले होते आणि तो ते एकटाच खात होता.

विमलेने त्या दिवशी भांडी घासताना एक टोप तीनदा घासला. तिला कळून चुकलं होतं. कौल डावा आला की पोरीला जायचं असतं, उजवा आला की राहायचं असतं. बापाला डावा आला की भूक लागते, उजवा आला की अन्न जात नाही. या दोघांना कौल हवाच आहे तो त्याच्या आड लपायला. आणि मध्ये ती सातेरी, तिची दोन्हीकडून ओढाताण.

“एक डावो, एक उजवो,” जयराम बुधवारी सकाळी बसच्या चाव्या हातात फिरवत म्हणाला. “तिसरो घेवंक जाय. सगळ्यांनी वचूया.”

विमला म्हणाली, ही काय क्रिकेटची मॅच आहे, तीनातली दोन जिंकायला? पण जयरामने ऐकलं नाही. आणि नवल म्हणजे क्षमानेही मान हलवली. गुरुवारी सकाळी सगळ्यांनी जायचं ठरलं. शुक्रवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी उभा होता.

गुरुवारी जयरामने बसच्या पहिल्या दोन फेऱ्या बंद ठेवल्या. हे त्याने आजवर फक्त जत्रेला आणि मतदानाला केलं होतं. देवळात दुसरं कोणी नव्हतं. अनंत गुरव वाटच बघत होता. साठीचा माणूस, उघडाबंब, अंगावर घामाच्या धारा, पण कामात पक्का. त्याने देवीचा चांदीचा मुखवटा पुसला, दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला अलगद लावली. मग गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून हात जोडले. मागे जयराम, त्याच्या बाजूला बाबुराव, मागे विमला आणि क्षमा.

“बाये सातेरी माये, जयरामाचें हें चेडूं आज तुज्या पायांकडे आयलां.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला असं म्हणायचंच असतं.

“पायलट जावंक म्हणून तें परगावां वयता. तातूंत तेचें बरें आसल्यार उजवो दी, वायट आसल्यार डावो दी.”

“व्हय म्हाराजा.”

आणि सगळे खाली बसले.

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबुरावचा गुडघा दुखायला लागला. समई तडतडली तशी जयरामने दचकून मान वर केली, पण पाकळ्या आपल्या होत्या तिथेच. बाहेर एक बकरी आंब्याच्या बुंध्याला अंग घासत होती, तिचाच काय तो आवाज. अनंत म्हणाला की देवीला कधी कधी वेळ लागतो. एकदा एका घरच्या वाटणीच्या कौलाला सकाळची दुपार झाली होती.

मग बाबुरावने घसा खाकरला. त्याचं म्हणणं, देवीला ‘पायलट’ शब्द कदाचित समजला नसेल, ‘वैमानिक’ म्हणून बघा. अनंताने बिचाऱ्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, ‘वैमानिक’ म्हणून. व्हय म्हाराजा. पाकळ्या ढिम्म. मग जयरामने सुचवलं की नुसतं बरं-वाईट नको, पोर सुखरूप राहील का ते विचारा. तेही विचारून झालं. व्हय म्हाराजा. मग बाबुरावला आठवलं की लग्नाचं राहिलंच. शिकून झाल्यावर चांगलं स्थळ मिळेल का, तेही त्याच कौलात घालता येईल का? तेवढीच एक खेप वाचेल.

विमलेने तोवर बरंच गिळलं होतं. बसच्या दोन फेऱ्या गिळल्या होत्या, अंगणवाडीची अर्धी रजा गिळली होती, ‘वैमानिक’ गिळला होता. पण लग्नाचं ऐकलं आणि तिच्या डोक्यावरून पाणी गेलं. ती उठली. पदर खोचला. बाईमाणसाने गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलायची या गावात रीत नव्हती, आणि ते तिला ठाऊक होतं.

“पुरो जालें,” ती म्हणाली. “आमच्या अंगणवाडयेंतलें तीन वर्सांचें भुरगें सांगता, बाई, माका तान लागल्या. हांगा इतलीं व्हडलीं मनशां, एकाच्यान सांगूंक जायना आपणाक किते जाय तें. देवीन किते समजचें?”

बाबुराव म्हणाला की विमले, देवळात आवाज चढवू नये. विमलेने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने आपला दुखरा गुडघा चोळायला घेतला.

ती क्षमाकडे वळली. तिला आणखी चार शिव्याच घालायच्या होत्या, खरं म्हणजे. पण पोरीचा पांढरा चेहरा समोर आला आणि तोंडातून भलतंच निघालं. विमलेचं माहेर डिचोलीकडचं, नार्व्याचं. तिथे असताना तिला पणजीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, हे क्षमाला ठाऊकच नव्हतं. जयरामलाही धड ठाऊक नव्हतं. वडिलांनी कौल घेतला, डावा मिळाला, आणि पुढच्या मार्गशीर्षात जयरामशी लग्न झालं.

“बाबान माका विचारलें ना, आनी हांवें सांगलें ना,” विमला म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. “बावीस वर्सां म्हजें एकूच, देवीन दिलें ना, देवीन दिलें ना. तिका बापडेक कोणें सांगिल्लें माका जाय म्हणून?”

क्षमा आईकडे बघत राहिली. जयराम जमिनीकडे.

“तुका किते जाय तें सांग. माका न्हय, बापायक न्हय. तिका सांग. जाय ना जाल्यार जाय ना म्हण, घरा वचूया, हांव बांगड्यांचें हुमण करतां. पूण सांग.”

क्षमा उठून उंबऱ्याशी गेली. हात जोडायचं तिला सुचलं नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ती उभी राहिली. विमलेला वाटलं, झालं, आता ही परत माझ्याकडे वळणार आणि विचारणार, आई, तुला काय वाटतं? तसं झालं असतं तर विमलेने तिथेच कपाळ बडवून घेतलं असतं.

“माका जाय,” क्षमा म्हणाली. बोलताना तिचे दात वाजत होते. “माका विमान चलोवपाक जाय. खूब भंय दिसता. वयर एकटें आसतना हात कांपले जाल्यार किते करूं, तें माका खबर ना. पूण माका जाय. हांव ल्हान आसताना सावन माका तेंच जाय.”

कोणी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नाही. ते म्हणायचं भानच कोणाला राहिलं नाही. विमलेने पदर तोंडाला लावला. इतके दिवस या एका वाक्यासाठी तिने जीव टांगणीला लावला होता, आणि आता ते आलं होतं. पोर जाणार. घर रिकामं होणार. गच्चीवरून ‘आई, हे बघ’ म्हणून ओरडायला कोणी नसणार. हे सगळं तिला आत्ता, या घटकेला, पहिल्यांदा नीट कळलं.

आणि पाकळी पडली.

ती देवीच्या अंगावरून सुटली, मुखवट्याच्या चांदीवरून घसरली आणि तळाशी निरांजनाच्या बाजूला येऊन थांबली. सगळ्यांनी बघितलं. उजवी जिथल्या तिथे होती. पडलेली पाकळी डावी होती.

क्षमाचा हात ओढणीवर होता तसाच राहिला. कौल काय आला ते गुरवाने मोठ्याने सांगायचं असतं, पण तो पोरीकडे बघत होता आणि त्याची जीभ उचलत नव्हती. विमलेला सातेरीचा राग आला. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि असा राग की डोळ्यांपुढे समईच्या ज्योती नाचायला लागल्या. तिने जयरामकडे बघितलंच नाही. काय बघायचं? तो आता म्हणणार, डावो दिलो. म्हणणार, विषय संपला. घरी जाऊन भाताचे तीन वाढे घेणार.

जयराम उंबऱ्यापर्यंत आला. आजवर एकही पाकळी त्याने मोडली नव्हती. दोन उन्हाळे फ्रिजशिवाय काढले होते या माणसाने. पाकळीवरून त्याची नजर पोरीवर गेली, पोरीवरून परत पाकळीवर, आणि त्याने दोन्ही हातांनी गाभाऱ्याची चौकट घट्ट धरली. चालू बसमध्ये ब्रेकवर पाय ठेवताना त्याचा चेहरा असाच व्हायचा, हे विमलेला पुढच्या सीटवर बसून ठाऊक झालेलं होतं.

“अनंता,” तो म्हणाला, “काड ती पाकळी. पंख्याच्या वाऱ्यान पडली ती.”

कोणी हललं नाही.

“कौल न्हय तो,” जयराम म्हणाला. आवाज फाटला होता, पण त्याने वाक्य पुरं केलं. “पंख्यान पडली.”

अनंत गुरवाने तीस वर्षं या गावाला कौल दिले होते. त्याने जयरामच्या तोंडाकडे बघितलं, मग वाकून डावी पाकळी उचलली आणि निर्माल्याच्या परडीत टाकली.

“जाता तशें,” तो म्हणाला. “पंख्याक वारो खूब.”

बाबुरावने मान वर करून सभामंडपाच्या छताकडे बघितलं, मग भावाकडे, आणि तोंड उघडलं. विमलेने त्याच्या हातावर अंगारा ठेवला आणि सांगितलं की भावोजी, कपाळाला लावा आणि बाहेर चला. या खेपेला त्याने ऐकलं. क्षमा त्याच्या आधीच धावत बाहेर गेली होती. पायऱ्यांवर उभी राहून ती फोनवर बोलत होती. आवाज अजून कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. हो, मी क्षमाच बोलतेय, मी येतेय, हो, नक्की.

जयराम अजून चौकट धरून उभा होता. त्याला देवीकडे बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. विमला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनेही वर बघितलं. छताचा पंखा जागच्या जागी थांबलेला होता, पात्यांवर धूळ, एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत कोळिष्टक. त्या दिवशी सकाळपासून गावात वीज नव्हती.

तिने हात जोडले आणि नवऱ्याच्या वतीने सातेरीची क्षमा मागितली. मग त्याच्या दंडाला धरून म्हणाली, चला, तिसऱ्या फेरीची वेळ झाली, लोक स्टँडवर उभे असतील.